आजीच्या पुतळ्याखालचा सरकता चौथरा: उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा अनुभव

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सहा वर्षांची होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवरचा, अण्णांनी केलेला आजीचा प्लास्टरचा अर्धपुतळा स्टुलावरून पडून फुटला. पुढे अण्णांनी तोच चेहरा संगमरवरात घडवला. तो ६२ किलोचा पुतळा आता माझ्याकडे आहे. अण्णा नाहीत, त्यामुळे हा फुटला तर पुन्हा घडवणारं कोणी नाही.

गवंड्याने सिमेंटमध्ये पक्का बसवायला सांगितलं होतं. मी ते केलं नाही. घट्ट बसवला की जमिनीचा सगळा हिसका दगडात शिरतो आणि मानेसारख्या बारीक जागी तडा जातो. नुसता ठेवला तर अरुंद बुडावर डुलून उलटतो. इटलीत रेज्जो कालाब्रियाच्या संग्रहालयात यावर फार सुंदर तोड काढली आहे. ते शहर १९०८ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं होतं. रियाचेजवळ समुद्रात १९७२ साली सापडलेले दोन ग्रीक ब्राँझ योद्धे तिथे संगमरवराच्या दुहेरी चौथऱ्यांवर उभे आहेत. वरच्या-खालच्या ठोकळ्यांत समोरासमोर उथळ वाट्या कोरल्यात आणि त्यांच्यामध्ये चार संगमरवरी गोळे. जमीन हलली की खालचा ठोकळा सरकतो, वरचा संथ झोका घेऊन परत मधोमध येतो.

हे चित्र काढून मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेले. मालकांनी कागद दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मावशी, म्हंजे पुतळ्याला पाळण्यात बसवायचा की!" त्यांना बरोबर कळलं होतं. स्टेनलेस स्टीलच्या दोन प्लेटा, लेथवर काढलेल्या आठ वाट्या, चार छर्रे. पुतळा न्यायच्या आधी तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं, त्यावर फळी आणि पाण्याने भरलेली काचेची बाटली. दोन पोरांनी खालची ट्रॉली जोरात हिसकली. बाटली उभीच! तेच पोतं थेट ट्रॉलीवर ठेवलं, तर पहिल्याच हिसक्याला बाटली आडवी.

तक्रारी दोन. एक वाटी जास्त खोल गेली होती, त्यामुळे पुतळा दीड सेंटिमीटर बाजूलाच थांबायचा. आणि छर्रे साध्या बेअरिंगचे घातले होते, पावसाळ्यात ते गंजले. दोन्ही दुरुस्त्या पैसे न घेता झाल्या, पण दोन आठवड्यांच्या कामाला पाच लागले. एकूण ११,५०० रुपये गेले. मला ते मुळीच जास्त वाटत नाहीत.

हा चौथरा आडवा हादरा झेलतो, उभा नाही. करून घेणार असाल तर छर्रे स्टेनलेसचेच मागा, आणि पुतळ्याच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलात तर झोका घ्यायला त्याला वावच राहणार नाही.