मिस्त्री मामांच्या डोक्यातलं शीटमध्ये आणताना: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं काम छोटं आहे. कोल्हापुरात बंगले, रो हाऊस, जुन्या घरावर मजला चढवणं असली कामं, एकावेळी तीन, लई झालं तर चार साईट. ऑफिसात मी, चुलतभाऊ आणि हिशोब बघणाऱ्या एक ताई, साईटवर दोन सुपरवायझर, आणि वडलांच्या काळापासून असलेले मिस्त्री मामा. बाकी गवंडी, सेंट्रिंगवाले (स्लॅब पक्का होईपर्यंत खालून प्लेटा आणि टेकू लावणारे), फिटर, प्लंबर सगळे ठेक्यावर, आज आमच्याकडं तर उद्या दुसऱ्याकडं. गेल्या जुलैपासून आम्ही कामातली माहिती एका जाग्यावर ठेवायला लागलोय. त्यासाठी एक गूगल शीट, ड्राइव्हवर साईटवार फोल्डर आणि व्हॉट्सअॅपवर एक वेगळा ग्रुप, एवढंच वापरतोय. काय टिकलं आणि काय नाही ते सविस्तर लिहितो, कारण सुरू करायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा जे सापडायचं ते सगळं दोनशे इंजिनिअर असलेल्या कंपन्यांसाठीचं, आमच्यासारख्या पाच-सहा माणसांच्या धंद्याला त्यातलं काय उचलायचं तेच कळत नव्हतं.

सुरुवात एका बाथरूममुळं झाली. फुलेवाडीच्या बाजूला एक बंगला दिला होता, वर्षाच्या आत वरच्या बाथरूमखाली हॉलच्या छताला ओल आली, रंगाचे पोपडे निघायला लागले. टाइल्स फोडल्या, कोबा उकरला, तर संकमध्ये, म्हणजे बाथरूमसाठी स्लॅब खाली घेऊन केलेल्या खोलगट भागात, पाणी साठलेलं. मामा आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाइप सोडला नाही व्हय रं? मागं पाचगावच्या कामाला पण हेच झालंतं की, तवापासून मी सोडतोयच." म्हणजे संकच्या तळाला एक बारीक पाइप बाहेर काढून ठेवायचा, टाइल्सखाली पाणी मुरलं तरी साठत नाही आणि बाहेर थेंब दिसला की लिकेज आहे हे लगेच कळतं. मामांना हे कितीतरी वर्षं माहीत होतं. फुलेवाडीचं वॉटरप्रूफिंग चालू असताना ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं महिनाभर घरी होते आणि सुपरवायझर नवीन पोरगा होता. परत सगळं आमच्या खर्चानं करून दिलं, पण मला खर्चापेक्षा दुसरंच लागलं. एका चुकीचे पैसे आम्ही दोनदा भरले, आणि दुसऱ्यांदा भरले तेव्हा उत्तर आमच्याच माणसाजवळ होतं, फक्त त्या दिवशी त्या साईटवर नव्हतं.

आधी एक पैसे भरून घ्यायचं अॅप घेतलेलं, नाव घेत नाही. रोजचा रिपोर्ट, वीसेक रकाने, हवामान, हजेरी, माल, अडचणी, सगळं इंग्रजीत. सुपरवायझर रात्री घरी जाऊन जेवण झाल्यावर भरायचे, आणि दिवसभर उन्हात थांबलेला माणूस रात्री दहा वाजता काय भरणार, 'अडचणी' या रकान्यात दोन महिने रोज 'नाही' असंच होतं. त्याच दोन महिन्यांत जिन्याची एक पायरी मापात चुकून तोडावी लागली होती. ती अॅपमध्ये कुठंच नाही. बंद केलं.

मग शीट केलं ते उलट्या बाजूनं. रिपोर्ट नको, प्रश्न पाहिजे. प्रत्येक ओळ म्हणजे साईटवर खरंच कुणाला तरी पडलेला एक प्रश्न, "संकचा पाइप कुठं सोडायचा", "जुन्या भिंतीला नवीन भिंत जोडताना काय करायचं", असा. पुढं उत्तर, कोणी सांगितलं त्याचं नाव, साईट, तारीख आणि फोटोची लिंक. बस. आज दोनशेच्या वर ओळी झाल्यात.

सगळ्यात अवघड गेलं ते मामांना बोलतं करणं. पहिल्या महिन्यात ते टाळायचे, "ते काय सांगायचं, बघून कळतंय" म्हणायचे. मला वाटलं लिहिण्याचा कंटाळा, म्हणून म्हटलं तुम्ही फक्त फोनवर बोला, तरी नाही. एक दिवस चहा पिताना त्यांनी स्वतःच सांगितलं, "सगळं तुमच्या त्या कागदात गेल्यावर मला कोण इचारणार रं?" ते ऐकून मी गप्प झालो. चाळीस वर्षं ज्याच्या भरवशावर आम्ही स्लॅब ओतले त्या माणसाला असं वाटत होतं आणि मी त्याला कंटाळा समजत होतो. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. उत्तरापुढं सांगणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे, ते काढायचं नाही, मामा उद्या कामावर नसले तरी नाही. आणि शिकवायला बसले की अर्धी हजेरी वेगळी, आठवड्याच्या पगारातच. आता ठेक्यावरचा कुठला गवंडी काय बरोबर करतो हे मामा स्वतःच सांगतात आणि त्याचं पण नाव घालायला लावतात. कुणी हे वाचून फक्त शीटचा ढाचा उचलणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी हे दोन करा, नाहीतर शीट रिकामं राहणार.

दुसरं, लिहायचं कोणी. सुपरवायझरनं लिहिलेलं मला कळायचं पण नवीन पोराला नाही, कारण आम्ही सगळेच अर्धं गृहीत धरून लिहितो. हिशोबाच्या ताईंना बांधकामातलं काही माहीत नाही, आणि त्याचाच उपयोग झाला. मामा ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात, ताई ऐकून टाइप करतात आणि जिथं कळलं नाही तिथं फोन करतात, "मामा, गुण्यात नाही म्हणजे काय?" मग मामा सांगतात की कोपरा काटकोनात नाही, आणि तो कसा तपासायचा, एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायची, तिरकं माप पाच फूट आलं तर गुण्यात. हे वाक्य मी किंवा सुपरवायझरनं कधीच लिहिलं नसतं, आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसतं.

शब्दांचा घोळ मोठा आहे, याच्यावर वेळ घालवलाच पाहिजे. एक माणूस 'ओल' म्हणतो, दुसरा 'पाझर', तिसरा 'लिकेज', मालक 'गळतंय' म्हणतो. आमची परांची, आर्किटेक्टचं स्कॅफोल्डिंग. आम्ही पाणी मारणं म्हणतो, इंजिनिअर क्युरिंग, उत्तरेकडची पोरं तराई. पहिले तीन महिने सुपरवायझर शोधायचा एक शब्द आणि नोंद असायची दुसऱ्या शब्दानं, सापडलं नाही की सरळ मला फोन. आता शेवटी एक रकाना फक्त 'बाकीचे शब्द' म्हणून आहे, त्यात जेवढे बोलले जातात तेवढे सगळे टाकायचे, शुद्ध-अशुद्ध बघायचं नाही. या एका रकान्यानंतर शीट खरंच वापरात आलं, त्याच्या आधी ते नुसतं साठत होतं.

शनिवारी पगार वाटताना सगळे असतातच, तेव्हा चहा सांगून वीस मिनिटं बसतो. एकच विचारायचं, या आठवड्यात कुठं अडलं आणि कसं सोडवलं. चुकलं का असं विचारत नाही, तसं विचारलं की सगळे खाली बघतात. जिन्याच्या पायरीचं खरं कारण असंच चार महिन्यांनी बाहेर आलं, फरशीची जाडी धरूनच माप काढायचं ते खालच्या मजल्यावर धरलंच नव्हतं, सेंट्रिंगवाल्यानं स्वतः सांगितलं. त्याचं नाव 'कोणी सांगितलं' या रकान्यात आहे.

आता प्रत्यक्ष उपयोग कुठं झाला ते. प्लॅस्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून, म्हणजे भिंतीतले पाइप आणि वायरिंग कोपऱ्यापासून आणि फरशीपासून किती अंतरावर आहे ते फोटोतच दिसतं. फाइलचं नाव खोली आणि दिशा, 'किचन पूर्व' असं. गेल्या महिन्यात एका मालकांना गिझरसाठी ड्रिल मारायचं होतं, त्यांनी फोन केला, मी दुसऱ्या साईटवर उभा राहून फोटो पाठवला. मालकांना याचं जेवढं कौतुक वाटतं तेवढं कशाचंच नाही, आणि लागतं काय, एका घराला पाऊण तास. पण हे गिलाव्याच्या आदल्या दिवशीच, दोन दिवस गेले की संधी गेली.

सेंट्रिंग कधी काढायचं यावर पूर्वी दर स्लॅबला वाद. मालकाला घाई, सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसरीकडं न्यायच्या. आता त्याची एक नोंद आहे, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातले आकडे घेऊन: स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, त्यापेक्षा मोठा असेल तर १४, बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्याच्या पुढं २१. हे साध्या ओपीसी सिमेंटचे आणि कमीत कमी, आम्ही बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरतो त्यामुळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून दिवस वाढवतो. स्लॅब ओतला की ताई त्याच दिवशी टेकू काढायची तारीख ग्रुपवर टाकतात आणि प्रिंट काढून साईटवर चिकटवतो. सगळ्यांना आधीपासून दिसत असलेल्या तारखेशी कुणी भांडत नाही, माझ्या तोंडच्या तारखेशी भांडायचे.

स्टीलचं पण तसंच. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग करून १६२ नं भागलं की एका मीटरचं वजन किलोत, हे इंजिनिअरला पाठ असतं पण गाडी उतरवून घेणाऱ्या पोराला नसतं. १२ मिमीची १२ मीटर सळई साधारण १०.७ किलो. हे कोष्टक शीटमध्ये टाकल्यापासून पोरं नग मोजून बिलाशी ताडतात. एकदा फरक निघाला, सप्लायरला दाखवला, त्यानं मान्य करून बदलून दिलं. वाळू-मुरमाच्या ब्रासचं पण तसंच, गाडीचा हौदा आतून मोजायचा, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं जे जमलंय ते पुराचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगं पण सांगतं, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कुठल्या गल्लीत, कुठल्या घराच्या खिडकीपर्यंत पाणी होतं हे बंधाऱ्याच्या आकड्यावरून कळत नाही, ते माणसांच्या आठवणीत आहे. भिंती रंगवल्या की खुणा गेल्या. मामा आणि मी चार रविवार दुधाळी, शाहूपुरी, कसबा बावडा असं फिरलो, ओळखीच्या घरांत जाऊन विचारलं, जिथं खूण शिल्लक होती तिथं टेप धरून फोटो काढले. पूररेषा असतातच, निळी आणि लाल, परवानगीला त्याच लागतात आणि त्या पाळायच्याच. पण रेषेच्या बाहेर असून पण पाणी बघितलेला प्लॉट असतो, तिथं जोतं किती उचलायचं, मीटरचा बोर्ड कुठं घ्यायचा, खाली काय ठेवायचं नाही हे मालकाला सांगताना हातात शेजारच्या घराचा फोटो असला की माणूस ऐकतो. एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला दारात उभं राहून दाखवलं पाणी कुठवर आलं होतं, हात छातीला लावून. ताईंनी ती नोंद आजींच्या शब्दांतच ठेवलीय.

नदीकडच्या काळ्या मातीबद्दल पण मामांच्या सात-आठ नोंदी आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं पाया तिच्यात टेकवायचा नाही, पक्का मुरूम लागेपर्यंत जायचं, खड्डा उघडा ठेवून पावसाची वाट बघायची नाही. इंजिनिअर ड्रॉइंगवर खोली देतातच, पण मुरूम लागला हे पहारीच्या आवाजावरून कसं कळतं ते मामांनी व्हिडिओत दाखवलंय, पहार एकदा मातीत, एकदा मुरमात. लिहून ते कळलं नसतं. जे हातानं आणि कानानं कळतं त्याला व्हिडिओच, पण एक मिनिटाच्या आतला, मोठा कुणी बघत नाही.

जे जमलं नाही ते पण सांगतो. साईटवर क्यूआर कोड चिकटवले होते, स्कॅन केलं की शीट उघडणार, सिमेंटच्या धुळीत पंधरा दिवसांत गेले आणि तसंही कुणी वापरत नव्हतं. ठेक्यावरच्या माणसांना शीट उघडा म्हणणं पण सोडून दिलं, त्यांना उत्तर सुपरवायझरनं तोंडीच सांगायचं, शीट सुपरवायझरसाठी. रेटचा भाग सारखा जुना होतो, लक्ष्मीपुरीतनं आणलेल्या हार्डवेअरचा सहा महिन्यांपूर्वीचा भाव बघून एक एस्टिमेट दिलं आणि अंगाशी आलं, आता दोन महिन्यांच्या वरचा भाव लाल होतो तसं केलंय. आणि दिवाळीत तीन आठवडे आम्ही शनिवारी बसलोच नाही, तेव्हा एक पण नोंद झाली नाही, एक पण. म्हणजे शनिवारची बैठक बंद तर सगळंच बंद, हे मला तेव्हा कळलं.

खर्च म्हणाल तर ताईंना आठवड्याला तीन तासांचे जादा पैसे, मामांची अर्धी हजेरी आणि चहा. फोटोंसाठी जागा कमी पडली म्हणून ड्राइव्हचा वर्षाचा प्लॅन घेतला. बदल्यात मला दिवसाला येणारे फोन निम्म्याच्या खाली आलेत, आणि नव्या कामाच्या आठही संकमध्ये पाइप सोडलेत, मी न सांगता, मामा त्या साईटवर नसताना. प्रत्येकात दोन दिवस पाणी भरून ठेवून बघितलं, तारखेसकट फोटो आहेत.

मामा आता आठवड्यातनं तीनच दिवस येतात, गुडघे दुखतात. जांभ्याच्या दगडाचं बांधकाम, चिरा कसा निवडायचा, दर्जा (दगडांमधल्या सांधी) कशा भरायच्या, हे अजून एक ओळ पण झालेलं नाही, कारण असं काम हल्ली येतच नव्हतं. कळंब्याजवळ एका मालकांना जांभ्याची कंपाउंड वॉल पाहिजे आहे. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की ते काम सुरू होतंय, मामांना खुर्ची टाकून देणार आहे आणि ताई पहिल्यांदाच साईटवर येणार आहेत, त्यांच्या प्रश्नांची वही आत्ताच निम्मी भरलीय.