पांढरं चिलखत झटपट: कॉन्ट्रास्ट की ड्रायब्रश?

वॉरहॅमर 40,000 या खेळातल्या व्हाइट स्कार्सची, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या स्पेस मरीन सैनिकांच्या छोट्या मूर्तींची, तुकडी शनिवार-रविवारात रंगवून उरकायची, तर पांढऱ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) अपोथेकरी व्हाइट हा कॉन्ट्रास्ट (खाचांत आपोआप उतरणारा पातळ रंग) लावू की राखाडीवर पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) मारू, असं एकाने विचारलंय. 'रंगाच्या एकाच हातात काम फत्ते' ही कॉन्ट्रास्टची जाहिरात बाजूला ठेवू.

वेळ जवळपास सारखाच. कॉन्ट्रास्टला हात कमी, पण वाळायला उशीर.

खरा फरक दिसण्यात. कॉन्ट्रास्ट खाचांत निळसर राखाडी उतरतो, छान सावली देतो. पण स्पेस मरीनच्या गुळगुळीत खांद्यावर त्याचं तळं साचतं. ओला असतानाच कोरड्या ब्रशने जादा रंग टिपून घ्या. अर्धवट सुकल्यावर हात लावलात, तर चट्टा उठलाच! ड्रायब्रश कडा उजळतो, मोठ्या भागावर मात्र खडू फासल्यासारखा दिसतो. मऊ गोल ब्रश किंचित ओलसर ठेवला की बरंच निभावतं.

खर्चात ड्रायब्रश जिंकतो, कुठलाही बरा पांढरा अ‍ॅक्रिलिक चालतो. दुरुस्तीतही तोच सोपा. कॉन्ट्रास्टवरचं ठिगळ लपत नाही. शिवाय कॉन्ट्रास्टखालच्या पांढऱ्या प्रायमरचा स्प्रे दमट हवेत दाणेदार बसतो, हे मुंबईकरांना पावसाळ्यात कळतंच.

कापडाच्या घड्या, फर, बारीक नक्षी जास्त असेल तर कॉन्ट्रास्ट. मोठी फौज, मळलेलं, लढून आलेलं चिलखत हवं असेल तर ड्रायब्रश. 'स्टार वॉर्स'मधल्या स्टॉर्मट्रूपरसारखा लख्ख पांढरा हवा असेल तर दोन्ही नकोत: पांढरा प्रायमर, आणि फक्त सांध्यांत पातळ राखाडी.