जुन्या गाडीची हवा आणि नळीवाला डायल गेज

मारुती ८००, जुनी सँट्रो किंवा पद्मिनी अजून रोज रस्त्यावर काढत असाल, तर हवा भरायच्या पंपाआधी हवा मोजायचा गेज घ्या, आणि तोही डायलचा. पेनासारखा गेज स्वस्त पडतो, पण आत धूळ गेली की त्याची पट्टी अडखळते. डिजिटल वाचायला सोपा, मात्र डिकीत पडून त्याचा सेल उतरतो.

घेताना ० ते ६० पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) बघा. डायल गेज मधल्या भागात सगळ्यात नेमका चालतो आणि छोट्या गाड्यांची हवा तिथेच येते. ट्रकच्या गेजवर २८ आणि ३० मधला फरक डोळ्यांना कळतच नाही. टायरवरून काढून गेजमधली हवा सोडली की काटा शून्यावर टेकला पाहिजे. हवा सोडायचं बटण हवंच. तोंड वॉल्व्हवर सरळ दाबायचं. फुस्स आवाज थांबला नाही तर तो आकडा धरू नका.

याचा खरा उपयोग घरी, सकाळी, गाडी हलवण्याआधी होतो. समजा ३० ची हवा हवी आणि थंड टायरमध्ये २६ निघाली, म्हणजे ४ कमी. पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत टायर तापून तोच काटा २८ दाखवेल. तिथे ३० वर थांबलात तर दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये २८ च. म्हणून २८ अधिक ४, असे ३२ भरून घ्या. तापलेल्या टायरची जास्त दिसणारी हवा मात्र कधीही सोडू नका.

आता ३० हाच आकडा कुठून आणायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा गाडीचं पुस्तक. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. जुन्या गाडीत स्टिकर पुसलेला आणि टायरचा साइजही बदललेला, असं सर्रास दिसतं. तेव्हा मूळ आकड्यापासून सुरुवात करून खडूची खूण वापरा: टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ मारायची आणि सपाट रस्त्यावर थोडं सरळ चालवायचं. रेघ मधोमध आधी पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. एका वेळी २ पीएसआयच बदला.

ट्यूबच्या टायरमध्ये वॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूब मुळाशी फाटणार आहे. ट्यूबलेसमध्ये एकच चाक दर आठवड्याला उतरत असेल, तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा. बऱ्याचदा गंजातून बुडबुडे येतात.

गेजची एकच मोठी उणीव: आतली वाकवलेली पितळी नळी धक्का सोसत नाही. एकदा फरशीवर पडला की खात्रीच्या दुसऱ्या गेजशी ताडून बघितल्याशिवाय वापरू नका.