‘चारही माद्या आहेत ताई’: मस्कोवी बदकं घेताना झालेली फसवणूक

घरच्या बागेत मस्कोवी बदकं पाळायचा विचार असेल आणि ऑनलाइन जाहिरात बघून कुणाला अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. लांबलचक झालंय पण वाचाच. माझे पैसे गेले ते गेलेच, पण खरा त्रास एका मुक्या जिवाने भोगला आणि मला राग त्याचा जास्त आहे.

मस्कोवीच का, तर बागेत गोगलगायी फार झाल्या होत्या, माश्या होत्या, आणि ही बदकं दोन्ही मन लावून खातात. शिवाय ती गोंगाट करत नाहीत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हे माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. मोठं तळं पण लागत नाही त्यांना, डोकं बुडवून डोळे-चोच धुता येतील आणि अधूनमधून अंघोळ करता येईल एवढं पाणी असलं तरी ती खूश असतात. हे सगळं खरं आहे, आजही मी कुणालाही हेच सांगेन. त्यामुळे पक्ष्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तक्रार विकणाऱ्याबद्दल आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक तिच्यावरच उभी होती. आपण बघतो ती जवळपास सगळी पाळीव बदकं, ती पांढरी पेकिन असोत की उंच मानेची रनर, एकाच रानटी बदकापासून आलेली आहेत, मॅलार्डपासून. मस्कोवी त्यातली नाही. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, तिची प्रजातीच वेगळी. त्यामुळे साध्या बदकांचे नर-मादी ओळखायचे, वय ओळखायचे जे नियम सगळीकडे वाचायला मिळतात ते मस्कोवीला लागू पडत नाहीत. आणि मला ज्याने बदकं विकली त्या माणसाने साध्या बदकांचे हेच खरे नियम एकेक करून मस्कोवीच्या गळ्यात बांधले. म्हणजे तुम्ही त्याचं बोलणं कुठे पडताळून बघायला गेलात तर ते बरोबरच निघणार, फक्त दुसऱ्या बदकाबद्दल!

मी एक नर आणि चार माद्या मागितल्या होत्या. साधारण हेच प्रमाण ठेवतात, एका नरामागे चार-पाच माद्या, कारण नर जास्त झाले की माद्यांचे हाल होतात. त्याने व्हिडिओ पाठवला, त्यात एक मादी घरट्यात बसलेली आणि बारीक थरथरता आवाज काढतेय, बघून कुणालाही आवडेल असा. अर्धे पैसे आधी, अर्धे बदकं हातात आल्यावर असं ठरलं. बदकं आली ती अंधार पडल्यावर, खोक्यांत, आणि सगळ्यांचे पंख चिकटपट्टीने अंगाला बांधलेले. म्हणाला प्रवासात इजा होऊ नये म्हणून बांधलेत, उद्या सकाळी सोडा.

मी विचारलं, माद्या नक्की ना? तर तो म्हणाला, ताई शेपटी बघा ना, नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं असतात, इथे एकीला तरी आहेत का? आणि आवाज बघा किती बारीक आहे. तोंडावर लाल गाठी पण नाहीत, त्या फक्त नराला येतात. सहा महिन्यांच्या आहेत, थोड्या दिवसांत अंड्यावर येतील. आणि उडायची काळजी करू नका, जड जात आहे, उडत नाही.

कुरळी शेपटी हा नर ओळखायचा पक्का नियम आहे, पण मॅलार्डच्या कुळातल्या बदकांचा. मस्कोवीच्या नराला ती कुरळी पिसं कधीच येत नाहीत, म्हातारा झाला तरी नाही. बारीक आवाजाचं म्हणाल तर मस्कोवीची लहान पिल्लं, नर असो की मादी, चिवचिवतातच. नराचा आवाज पुढे बसतो आणि मग तो फक्त फुसफुसतो, श्वास जोरात सोडल्यासारखा. मादी मात्र मोठी झाली तरी हळू आवाजात काहीबाही बोलत राहते. गाठींचं बोलणं तर अर्धंच खरं. नराच्या तोंडावर लाल मांसल गाठी खूप असतात हे बरोबर, पण वयात आलेल्या मादीच्या पण डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल कातडी दिसते. जिचं तोंड पूर्ण पिसांनी झाकलेलं आहे ती सहा महिन्यांची मादी नसते, ते पिल्लू असतं.

सकाळी मी पट्ट्या काढल्या. चारपैकी एक खरोखर वयात आलेली मादी होती, तिच्या डोळ्याभोवती लाल होतं. बाकी तिघांचे पंख पसरून बघितले तर मोठ्या पिसांच्या दांड्या मुळाशी जाड आणि निळसर, आत रक्त असलेल्या, आणि त्यांच्या टोकाला पीस अर्धवट उलगडलेलं. वाढत्या पिसाची ही खूण आहे. एखादं पीस झडून नवीन येत असेल तर तेवढ्या जागी असं दिसू शकतं, पण दोन्ही पंखांची सगळी मोठी पिसं एकाच अवस्थेत अर्धवट असतील तर तो पक्षी अजून लहान आहे. मस्कोवीला पूर्ण पिसं यायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे ही जेमतेम दोन महिन्यांची पिल्लं होती. पंख का बांधले होते ते मग कळलं.

दोन महिन्यांचीच का निवडली असतील याचं पण उत्तर आहे. मस्कोवीत नर आणि मादी यांच्या आकारात प्रचंड फरक असतो, मोठा नर साडेचार-पाच किलोच्या पुढे जातो आणि मादी अडीच-तीन किलोच्या आसपास थांबते. त्यामुळे दोन महिन्यांचा नर दिसायला साधारण पूर्ण वाढलेल्या मादीएवढा असतो. त्याला खऱ्या मादीच्या शेजारी उभं केलं की चार माद्या सारख्याच वाटतात. हा नुसता खोटेपणा नाही, हे माहिती असलेल्या माणसाने विचार करून केलेलं काम आहे.

मी लगेच फोटो पाठवले. उत्तर आलं, पिसं बदलतायत ताई, काळजी करू नका. मग ती तिघं वाढतच राहिली, पाय मनगटासारखे जाड झाले, मोठ्या मादीला केव्हाच मागे टाकलं, तोंडावर गाठी यायला लागल्या आणि आवाज बसला. तिन्ही नर. मी पुन्हा फोन केला तर म्हणे मस्कोवीत माद्या पण फुसफुसतात! आणि त्याच दिवशी त्याने चॅटमधले ‘सहा महिन्यांच्या आहेत’ वगैरे सगळे मेसेज डिलीट केले. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते, पण पावतीवर फक्त ‘बदकं पाच नग’ लिहिलेलं, नर किती मादी किती वय काय काहीच नाही, त्यामुळे तो बिनधास्त होता.

एक मोठा नर, तीन वयात येणारे नर आणि त्यांच्यात एकटी मादी. पुढे काय झालं असेल ते बदकं पाळणाऱ्यांना सांगायला नको. नर मादीवर चढताना चोचीने तिच्या मानेची पिसं धरतो, आणि मस्कोवीच्या पायांना मांजरासारखी अणकुचीदार नखं असतात कारण ही मुळात झाडावर बसणारी बदकं. एक नर असेल तर ठीक, पण चार नर एकीच्या मागे लागले की मानेवरची पिसं जाऊन कातडी उघडी पडते, पाठीवर ओरखडे येतात. तिचं तेच झालं. ती खायला पण पुढे येईना. मी जाळीची आडोशाची जागा करून तिला वेगळं ठेवलं, जखमा रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुतल्या. तिने घातलेली अंडी तर या धुमाकुळात आधीच फुटून गेली होती.

आणि उडत नाही म्हणालेली ही मादी, तिची पिसं झडून नवीन आली तशी सरळ छतावर जाऊन बसली. तिच्या एका पंखाची पिसं छाटलेली होती, छाटलेलं पीस पुढच्या वेळी झडलं की नवीन पूर्ण येतं. पाळीव पेकिन वगैरे जड असतात, त्यांना नीट उडता येत नाही हे खरं, पण मस्कोवीची मादी छान उडते. तुमच्याकडे रस्ता जवळ असेल, कुत्री असतील, तर हे आधी माहिती असायला हवं.

मी तक्रार करायचं म्हटल्यावर त्याने नवीनच काढलं. भरपाई म्हणून शुद्ध मस्कोवीची फलित अंडी देतो, तुमची मादी खुडूक बसली की खाली ठेवा. ती बसली तेव्हा अंडी आली, मी ठेवली. मस्कोवीची अंडी फुटायला साधारण 35 दिवस लागतात, साध्या बदकांची 28 दिवसांत फुटतात. ही चार आठवडे होताहेत तोच फुटली. मी विचारलं तर म्हणे तुमच्याकडे उबेची जागा चांगली असेल म्हणून लवकर फुटली. उबेत थोडाफार फरक पडला तर एखादा दिवस मागेपुढे होतो, अख्खा आठवडा नाही. पिल्लं मोठी झाली आणि त्यातल्या नरांच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं आली, तीच, ज्यांच्यावरून मला माद्या ओळखून दाखवल्या होत्या, आणि माद्या दिवसभर मोठमोठ्याने क्वॅक क्वॅक करायला लागल्या.

यात आणखी एक भानगड होते. मस्कोवी आणि साधी बदकं एकत्र असली की त्यांची जोडी जमते आणि जी पिल्लं होतात ती वांझ असतात, त्यांच्यापासून पुढे पिल्लं होत नाहीत. त्यामुळे पिल्लांसाठी पाळायची असतील तर दोन्ही वेगळी ठेवावी लागतात, म्हणजे दुप्पट जागा, दुप्पट जाळी. अशी संकर केलेली बदकं ‘शुद्ध मस्कोवी जोडी’ म्हणून विकणारे पण आहेत. संकराच्या तोंडावर बहुतेक लाल गाठी नसतात किंवा अगदी नावाला असतात, हे बघून ठेवा.

मध्येच एका पिल्लाचे पाय वाकडे व्हायला लागले तर याच माणसाने मला बदकांचं खास टॉनिक विकायचा प्रयत्न केला. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, जास्त लागतं, नुसतं कोंबडीचं खाद्य दिलं की पाय कमजोर होतात. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, त्यात नायसिन असतं) मिसळायला लागले आणि ते पिल्लू सावरलं. टॉनिक घेतलं नाही.

आता ज्यांची बोलणी चालू आहेत त्यांनी एवढं करा. बदकं दिवसाउजेडी घ्या, कुणी रात्रीच आणतो म्हणाला तर नको म्हणा. पंख बांधलेले असतील तर पैसे द्यायच्या आधी स्वतः सोडा आणि दोन्ही पंख पसरून बघा, रक्ताच्या निळ्या दांड्या आहेत का, एका बाजूची पिसं छाटलीत का. मादी म्हणून जे देतायत त्याचे पाय आणि डोकं मोठ्या मादीच्या शेजारी धरून बघा, नराचे पाय लहानपणीच जाड असतात. शक्यतो तीन-चार महिन्यांच्या पुढची घ्या, त्या वयात नर-मादीचा आकार लपवता येत नाही. कुणी शेपटीची कुरळी पिसं दाखवून मस्कोवीचा नर-मादी सांगायला लागला तर त्याला एकतर माहिती नाही किंवा तो तुम्हाला फसवतोय, दोन्हीत घेऊ नका. व्हिडिओ मागायचा तर तुम्ही फोनवर बोलत असताना, तुम्ही सांगाल ते बदक हातात घेऊन दाखवायला सांगा, आधी काढलेला व्हिडिओ कुणाचाही असू शकतो. पावतीवर नर किती, मादी किती, वय काय हे लिहून घ्या. आणि नवीन बदकं कुठूनही आणली तरी आधीच्या पक्ष्यांपासून तीन-चार आठवडे लांब ठेवा, भांडी पण वेगळी.

माझे तीन तरुण नर, ज्यांच्याकडे माद्या भरपूर आहेत अशा ओळखीच्या लोकांनी नेले. मोठा नर आणि ती मादी माझ्याकडेच आहेत, तिच्या मानेवर पिसं आलीत, आणि तीन माद्या मी दुसरीकडून आणल्या, भर दुपारी, प्रत्येकीचा पंख उघडून बघून. स्क्रीनशॉट सगळे जपून ठेवलेत आणि तक्रार दिलीय. तुम्हाला कुणी मस्कोवी विकताना ‘शेपटी बघा’ म्हणालं असेल तर मला मेसेज करा, सगळ्यांच्या तक्रारी एकत्र देता येतील.