कंटेनर (मालाचा डबा) २० फुटी घ्यावा की ४० फुटी हाय क्यूब, म्हणजे साध्यापेक्षा उंच?

न्हावा शेवा बंदरातून पहिल्यांदा माल पाठवणारे इथेच अडतात. ४० फुटीत दुप्पट वजन जाईल, हा समज आधी सोडा.

जागा: २० फुटीत सुमारे ३३ घनमीटर, हाय क्यूबमध्ये ७६. हाय क्यूबची आतली उंची २.७ मीटरच्या आसपास, साध्या डब्याची २.३९. १२०० बाय १००० मिलिमीटरचे पॅलेट (माल रचायचे सपाट पाट) एका थरात २० फुटीत १०, ४० फुटीत २० ते २१ बसतात.

वजन: खरी मेख इथे आहे. दोन्हींचे डबा धरून एकूण कमाल वजन बहुधा ३०.४८ टनच असते. रिकामा २० फुटी सव्वादोन टनांचा, हाय क्यूब जवळपास चार टनांचा. म्हणजे मोठ्या डब्यात वजनाने माल उलट कमीच चढतो. साखरेची पोती भरली तर हाय क्यूब अर्धाही भरण्याआधी वजनाची मर्यादा गाठतो. शिवाय रस्त्यावर ट्रेलरची मर्यादा वेगळी. ती आधी वाहतूकदाराला विचारा.

भाडे: ४० फुटीचे सहसा दुपटीपेक्षा कमी. पण अर्धा रिकामा डबा नेलात तर फायदा गेला, आणि मोकळ्या जागेत माल सरकून फुटतो. लाकडी ठोकळे, हवेच्या पिशव्या लावाव्याच लागतात.

मालाचे वजन भागिले घनफळ करा. घनमीटरला ३५० किलोच्या बरेच वर, म्हणजे फरशी, ग्रॅनाइट, तांदूळ, साखर असेल तर २० फुटी. कपडे, फर्निचर, प्लॅस्टिकच्या वस्तू असतील तर हाय क्यूब.