एअर रायफल घेताय? नवी भारतीय का जुनी जर्मन, आधी सर्व्हिसचं बघा

उन्हाळी कॅम्प संपला की दरवर्षी दोन-तीन पालक विचारतात, ताई तुमच्याकडे दोन्ही रायफली आहेत ना, आमच्या पोराला कोणती घेऊ. यंदा पारोळ्याच्या एका दादांनी विचारलं, त्यांच्याकडे दोनच पर्याय होते, एक नवी भारतीय पीसीपी (म्हणजे सिलेंडरमध्ये दाबाने हवा भरून चालणारी) आणि दुसरी पुण्याच्या एका मुलाची वापरलेली जर्मन, किमतीत फार फरक नाही. त्यांना फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितेय. आम्ही जळगावात राहतो, मुलगी सहा वर्षं 10 मीटर एअर रायफल खेळतेय, आधी जुनी जर्मन घेतली होती, नंतर धाकट्यासाठी नवी भारतीय, त्यामुळे दोन्हींची दुखणी घरात बघितलीयेत.

स्प्रिंगवाली बंदूक घ्यायची का, तर पहिले चार-सहा महिने पोराला आवड आहे का एवढं बघायचं असेल तर चालेल. हवा भरायची कटकट नाही, किंमत कमी. पण झटका बसतो आणि एकदा स्कोअर वाढायला लागला की ती बदलावीच लागते, म्हणून तिचं इथेच सोडते.

आता नवी भारतीय का जुनी जर्मन. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, अनशुट्झ या जर्मन किंवा ऑस्ट्रियाची स्टायर, यांच्या नेमाबद्दल कोणी वाद घालणार नाही, टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि या रायफली त्याच्यासाठीच बनल्यात. नवी घ्यायची तर खर्च लाखांत जातो, म्हणून आपल्यासारखे लोक वापरलेली शोधतात. पण पहिली दोन-तीन वर्षं पोराचा स्कोअर रायफलमुळे अडत नाही हो, पोझिशन, श्वास आणि ट्रिगरमुळे अडतो, आणि रायफलमुळे अडलाच तर ती बंद पडली म्हणून. मनू भाकरचं 2021 चं टोकियो ऑलिम्पिक आठवा, मॅच चालू असताना पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, 575 गुणांवर 12 वी आली आणि फायनल हुकली. तिच्यासोबत तर कोच होते, सामान होतं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार धरून मॅच रायफल उघडून बसवणारा माणूस मला तरी सापडला नाही, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. म्हणून बिघडल्यावर फोन कोण उचलणार आणि पार्ट किती दिवसांत येणार हे मी नेमाच्याही आधी विचारते.

जर्मनवाल्या रायफलीचं खरं सांगते, सहा वर्षांत बिघडली फार कमी. पण घेताना आम्ही एक चूक केली, सिलेंडरची तारीख बघितली नाही. या हवेच्या सिलेंडरवर तारीख कोरलेली असते आणि कंपन्या साधारण 10 वर्षांची मुदत देतात, मुदत संपलेला सिलेंडर मॅचला चालत नाही आणि तो मुदतीत आहे की नाही हे बघायची जबाबदारी खेळाडूची असते. आमचा दीड वर्षातच संपत होता. ज्या डीलरने व्यवहार जुळवून दिला त्याला नवा मागितला तर आज सांगतो उद्या सांगतो करत चार महिने काढले, मग म्हणाला पुढच्या लॉटमध्ये. पोरगी तोपर्यंत क्लबच्या रायफलवर खेळली, जिचा बट (खांद्याला टेकतो तो भाग) तिच्या मापाचा नव्हता, आणि तिचा स्कोअर जो खाली आला तो सावरायला पुढचा सीझन गेला. शेवटी सिलेंडर मिळाला पण स्वस्त घेतली म्हणून जेवढे वाचले होते त्यातले बरेच त्यातच गेले. म्हणून वापरलेली बघायला गेलात तर आधी सिलेंडर फिरवून तारीख वाचा, रायफल खांद्याला नंतर लावा.

भारतीय रायफलीचं उलटं आहे. प्रिसिहोलसारख्या इथल्या कंपन्या आल्यापासून पालकांना मोठा आधार झालाय हे मनापासून सांगते. आमच्या भारतीय रायफलीला (तुमची कंपनी वेगळी असेल, नाव महत्त्वाचं नाही) पहिल्या वर्षात तीन बारीकसारीक तक्रारी आल्या, स्टॉकचे स्क्रू ढिले व्हायचे, ट्रिगरचं वजन सरकायचं, एकदा हवा गळली. जर्मनला यातलं एकही नव्हतं. पण प्रत्येक वेळी फोन लागला, समोरच्याने मराठीत विचारलं ताई गेज किती दाखवतंय, व्हिडिओ कॉलवर स्क्रू दाखवायला लावला, आणि हवा अडवणाऱ्या रबरी रिंगांचा संच कुरिअरने तिसऱ्या दिवशी घरी.

ती हवा गळल्याची गोष्ट सविस्तर सांगते कारण ही सगळ्यांकडे होते. रात्री 180 बारवर (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ठेवलेली, सकाळी काटा 120 वर. सिलेंडर आणि रायफलच्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावलं, दोन मिनिटांनी एका बाजूने बारीक बारीक बुडबुडे, मोहरीच्या दाण्याएवढे, म्हणजे जोडातली रबरी ओ-रिंग गेली. स्पर्धा पाच दिवसांवर. मिस्टर घाईघाईत एमआयडीसीतल्या सीलच्या दुकानातून त्याच मापाची रिंग घेऊन आले, बसली पण बरोब्बर, दोन दिवस छान चालली आणि तिसऱ्या दिवशी दाबून बाहेर आली. रबर मऊ होतं, नेहमीची 70 शोअरवाली (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रिंग, एवढ्या दाबाला 90 ची लागते, हे आम्हाला कंपनीच्या माणसाने नंतर सांगितलं. नशीब की संच पोचला होता. तेव्हापासून दोन्ही रायफलींच्या रिंगांचे दोन-दोन संच बॅगेत, शिलाईच्या डबीत. आणि हवा पूर्ण सोडल्याशिवाय काहीही उघडायचं नाही, हे पोरांकडून पाठ करून घेतलंय. आमच्या ओळखीच्या एका लेथवाल्या बापूंकडेही गेलो होतो, त्यांनी हात न लावता परत दिली, अहिराणीत म्हणाले, "ताई, हाई मन्हं काम नही शे, जठे बनाडतस तठेच धाडा." मला त्यांचा तो प्रामाणिकपणा फार आवडला.

देखभाल दोन्हींची सारखीच आहे, सिलिकॉन ग्रीस सोडून दुसरं तेल हवेच्या जोडाला लावायचं नाही, मशीनचं नाही आणि खोबरेल तर नाहीच, दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. नळी फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या बोळ्याने) साफ. छर्रे शिशाचे असतात म्हणून खेळून आलं की हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही.

हवा भरायचं मात्र आपल्या भागात वेगळं बघावं लागतं. हातपंपाने 100 वरून 200 पर्यंत न्यायचं तर शंभराच्या वर दट्टे लागतात, पंप तापतो, मध्ये थांबावं लागतं, आणि पावसाळ्यात त्यातून पाणी आत जातं म्हणून पाणी सोडायचा स्क्रू दर वेळी उघडायचा. भरून झाल्यावर थंड होताना काटा थोडा खाली येतो, ती गळती नसते, पहिल्या महिन्यात मी त्याच्यासाठी दोनदा फोन केलाय. उन्हाळ्यात उलटं होतं, सकाळी 200 भरलं आणि बंद गाडीत ठेवलं तर दुपारी 220 च्या वर जातं, आणि भुसावळ-जळगावचा मे तुम्हाला माहितीये. आम्ही उन्हाळ्यात 180 च्या वर भरत नाही आणि सिलेंडर गाडीत सोडत नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, कोणी म्हणेल वेल्डिंगवाल्याच्या किंवा दवाखान्याच्या ऑक्सिजनच्या टाकीतून भरून देतो, तर अजिबात भरू नका. ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. साधी कोरडी हवाच.

तर पारोळ्याच्या दादांना मी भारतीय घ्या म्हटलं, पोरगा सातवीत आहे, क्लब घरापासून लांब, घरात कोणी मेकॅनिकल डोक्याचं नाही. हेच जर पोरगा राज्य पातळीवर पोचलेला असता, महिन्यातून एकदा पुण्याला बालेवाडीला जाणं-येणं असतं, तर जर्मन म्हटलं असतं, पण सिलेंडर किमान पाच वर्षं शिल्लक असलेला आणि विकणाऱ्याकडून मूळ बिल घेऊन. विकताना जर्मनला भाव चांगला मिळतो, हेही खरं.

पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा की रिंगचा संच आत्ता शेल्फवर आहे का, आणि असेल तर तिथल्या तिथे विकत घ्या. दादांनी तसंच विचारलं, दुकानदार आत जाऊन पाच मिनिटांत पाकीट घेऊन आला, तेव्हाच त्यांनी रायफलचं बिल करायला सांगितलं.