साडेबाराशे पौंडांचं बटण

आधीच सांगतो, मी मूर्ख नाही. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, ओटीपी कुणाला देत नाही, लॉटरीच्या मेलवर हसतो. तरी जानेवारी २०२५ मध्ये, इंग्लंडात मिल्टन कीन्सला माझ्याच दारात, मीच करून दिलेला चहा पीत एका माणसाने मला १,२५० पौंडांना धुतलं. रुपयांत सव्वा लाखाच्या वर. खरा आकडा घरात फक्त बायकोला माहीत आहे.

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, २००८ ची, फियाट ड्युकॅटो व्हॅनवर बांधलेली, दोन हात फिरून आलेली. सीटखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, आणि एकाच डब्यात हीटर आणि दहा लिटरचा ट्रुमा कंपनीचा बॉयलर. तो माणूस आला त्याच्या आदल्या रात्री उणे पाच झालं. सकाळी बघतो तर गाडीखाली बर्फाचा थर, नळ कोरडे, टाकी रिकामी. फेब्रुवारीच्या सुट्टीत वेल्सला जायचं बुकिंग झालेलं, पोरं बॅगा भरायची भाषा करत होती. दुरुस्तीवाल्याच्या पहिल्या जाहिरातीतला नंबर फिरवला. ‘घरी येऊन, त्याच दिवशी.’ अशा वेळी दुसरा कुणी काय वेगळं करतो, मला सांगा.

तो आला, गाडीखाली वाकला, च्यक् च्यक् केलं आणि म्हणाला, ‘बॉयलर फुटलाय.’ यात अडचण अशी की हे सहज खरं असू शकतं. हिवाळ्यात पाणी आत राहिलं की बॉयलर, नळ, पंपाचं डोकं, सगळं खरंच फुटतं. ही माणसं साफ खोटं बोलत नाहीत, इतरांच्या बाबतीत खरं असलेलं तुमच्या गळ्यात मारतात.

त्याच वेळी सांगलीहून अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन गाडीखाली धरून त्यांना पाणी दाखवलं. ते म्हणाले, ‘आरं, पाणी वाहून गेलंय म्हंजे कुठंतरी चावी उघडी आसंल. आधी चावी बघ.’ मी म्हणालो, ‘अण्णा, ही गाडी आहे, गल्लीतली पाइपलाइन नव्हे.’ आणि फोन ठेवला. हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

कारण चावीच उघडी होती. या बॉयलरला गोठण्यापासून वाचवणारा एक व्हॉल्व असतो. त्याच्या आसपासचं तापमान तीन अंशांच्या खाली गेलं की तो आपणहून उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी खाली सोडून देतो. बिघाड नव्हे, त्याचं कामच ते. मी पंपाचा स्विच चालू ठेवला होता, म्हणून पंपाने उरलेली टाकीही त्याच वाटेने रिकामी केली. गाडी सात अंशांच्या वर तापवायची, गोल खटका फिरवायचा, बटण दाबायचं. झालं. फुकट.

आता बघा त्याने काय केलं. आल्या आल्या त्याने हीटर लावला. ‘हात गारठलेत,’ म्हणाला. मी बिचाऱ्याची कीव करून आलं घातलेला चहा आणला! तो हात शेकत नव्हता, व्हॉल्व शेकत होता. अहो, जो डबा फुटलाय म्हणतो, तोच पेटवून हा माणूस अर्धा तास ऊब घेतोय, तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मग ‘गॅसचं काम आहे, जवळ थांबू नका’ म्हणून मला घरात पिटाळलं. गॅस सेफचं, म्हणजे इथल्या नोंदणीकृत गॅस कारागिराचं, ओळखपत्र लांबूनच हलवलं. ते हातात घ्या, उलटं करा, मागे एलपीजी लिहिलंय का वाचा. मी संकोच केला. आपल्याला संकोच फार.

तीन तासांनी बिल: येण्याचे ८५, ‘दुरुस्त केलेला बदली बॉयलर’ ७४०, मजुरी २१०, नवा पंप १२०, टाकीचं निर्जंतुकीकरण १४५. एकूण १,३००. लगेच बँकेतून पाठवलं तर पन्नास सूट. मी पन्नास वाचवले! क्रेडिट कार्डाने दिले असते तर शंभर पौंडांच्या वरच्या व्यवहारात कार्ड कंपनीच्या मानगुटीवर बसता आलं असतं, इथल्या १९७४ च्या कायद्यात तशी सोय आहे. सूट कशाला होती ते आता कळतं.

निर्जंतुकीकरण वीस मिनिटांत उरकलं. गावी ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडली की पहिल्या तांब्यालाच वास यायचा. इथे एकाही नळाला वास नव्हता. खरं काम असं असतं: औषधाचं पाणी टाकीभर करायचं, गरम-गार प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडायचं, औषधाच्या डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ मुरू द्यायचं, मग पूर्ण काढून दोनदा विसळायचं. बॉयलर स्टीलचा असेल तर क्लोरीनचं पाणी त्यात तासन्‌तास ठेवू नका.

दहा-बारा दिवसांनी परत थंडी पडली आणि परत गाडीखाली पाणी. त्याचा फोन बंद. दुसऱ्याला बोलावलं, त्याने ७० पौंड घेतले, पाच मिनिटांत बटण दाबलं, आणि हसला नाही, हेच उपकार. झाकण काढून दाखवलं: बॉयलर तोच, नटांवर सतरा वर्षांची धूळ, फक्त दर्शनी पत्रा पुसलेला. पंप मात्र बदलला होता. माझा चांगला पंप नेऊन कुणाचा तरी जुना बसवलेला. माझा मी ओळखतो. उन्हाळ्यात त्याची जाळी धूत होतो तेव्हा लेकीने त्यावर हिरव्या डायनोसॉरचा स्टिकर चिकटवला होता. या नव्या-जुन्या पंपाची क्लिप सैल होती. रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच टकटक करायचा, मला वाटायचं नवा आहे, रुळेल. नळ बंद असताना पंप वाजला तर कुठेतरी गळतंय, लगेच उठा. मी उठलो नाही. सीटखालचा प्लाय फुगला, ते ४६० वेगळे.

आता तक्रारीची कथा. पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, ऑक्टोबर २०२४ पासून फसलेल्यांचे पैसे परत करायचा नियम आहे खरा, पण तुमच्याकडे माणूस आला, त्याने काम केलं, म्हणजे हा कामाच्या दर्जाचा वाद, दिवाणी मामला. काम केलं? बटण दाबलं! ग्राहक हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं सनई ऐकावी तशी पियानोची धून ऐकली. मिळाला एक संदर्भ क्रमांक. तक्रार ‘पुढे पाठवली’, पुढचे लोक तुम्हाला फोन करणार नाहीत, तुम्ही त्यांना करायचा नाही. ऑनलाइन फसवणूक नोंदवली, पाच आठवड्यांनी पत्र: तपासाला पुरेसे धागे नाहीत. अहो, बँक खात्याचा नंबर दिलाय, व्हॅनचा फोटो दिलाय, आणखी काय, त्याला बांधून आणू? कौन्सिलच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तुम्ही आधी चौकशी केली होती का?’ त्या दिवशी मी फोनवर मराठीत बोललो. लहान दाव्यांच्या कोर्टात ८० पौंड फी भरून जाता आलं असतं, पण नोटीस पाठवायची कुठे? बिलावरचा पत्ता एका टपालपेट्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा निघाला.

हो, आणि त्या बटणाला कपड्यांचा चिमटा लावून ते दाबून ठेवायची युक्ती कुणी सांगेल. ऐकू नका, मग बॉयलर खरोखर फुटेल. गाडी उभी ठेवताना पंप बंद, सगळे नळ गरम-गारच्या मधोमध उघडे, शॉवर खाली सोडलेला, टाकी रिकामी.

गेल्या आठवड्यात तीच पांढरी व्हॅन परत जाहिरातीत दिसली. नाव नवीन, नंबर नवीन, बेडफर्ड आणि नॉर्थॅम्प्टन भागात ‘६५ पौंडांपासून’. तिकडच्या कुणी त्याच्याकडून पंप बसवून घेतला असेल तर सीट उचलून बघा. हिरवा डायनोसॉर असेल तर तो माझा आहे.